श्रीखंडाच्या डब्यातील चंद्र

घरगुती मत्स्यपेटीवर रात्रीच्या वेळी मंद निळा उजेड पाडणारा जो दिवा बसवला जातो, आणि ज्याला या छंदातील मंडळी ‘मूनलाइट’ म्हणतात, त्याचा विचार सहसा दोन अंगांनी होतो: एक विजेचे अंग आणि दुसरे माशांचे. तिसरे अंग म्हणजे तो दिवा स्वतःच्या हाताने तयार करणारा गृहस्थ होय. आणि त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसल्यामुळेच हा दिवा नेमका कोणासाठी लावला जातो, या मूळ प्रश्नाला आजवर सोयीस्कर बगल मिळत आली आहे. गृहस्थाला विचारल्यास तो ‘माशांसाठी’ असे उत्तर देतो. माशांना विचारण्याची सोय नाही.

घोडबंदर रोड हा या प्रश्नाच्या अभ्यासाला अत्यंत सोयीचा प्रदेश आहे. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे एकेकाळचे पाडे आणि गावे ओलांडत गायमुखाच्या घाटाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आहेत, दुसऱ्या अंगाला खाडी आहे आणि मधल्या पट्ट्यात उंच इमारतींचे पीक असे काही तरारले आहे की, त्याला पाणी मात्र टँकरने घालावे लागते. येथील नोकरदार सकाळी आठच्या आत घर सोडतो आणि अवजड ट्रक, तेच टँकर, मेट्रो ४ च्या कामाने अडवलेल्या मार्गिका व घाटातील कोंडी या सर्वांची मर्जी सांभाळून रात्री साडेनऊच्या सुमारास घरी पोचतो. मत्स्यपेटीवरचा मुख्य दिवा दिवसातून आठ ते दहा तासच लावावा, त्याहून अधिक लावल्यास शेवाळ माजते, असा या छंदातील सर्वमान्य दंडक असल्यामुळे तो दिवा टायमरवर सकाळी लागतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास विझतो. म्हणजे माशांचा दिवस मावळतो त्या वेळी त्यांचा मालक कापूरबावडीच्या पुलापाशी पहिल्या गिअरमध्ये असतो. पेटी, पंप, फिल्टर, खडे, खाद्य आणि मासे या सर्वांचा खर्च उचलणारा हा कुटुंबातील एकमेव सदस्य असून, मासे जागे असताना त्यांना सर्वांत कमी पाहणाराही तोच असतो. घरकामाला येणाऱ्या मावशींना कोणता मासा कोणाच्या अंगावर धावून जातो याची बित्तंबातमी असते. मालकाला मात्र काचेआड काळोख दिसतो.

घरगुती चंद्राचा उगम या विषमतेत शोधावा लागतो. यावर एक फुकटचा उपाय उपलब्ध आहे, हे येथे नमूद केले पाहिजे: टायमर फिरवून पेटीचा दिवस दुपारी दोन ते रात्री अकरा असा करावा. माशांना घड्याळ कळत नाही. उजेडाचे तास ठरावीक आणि नियमित असले म्हणजे त्यांचे भागते. परंतु या उपायात खरेदी नाही, डाख देणे नाही, बायकोला दाखवण्यासारखे काही नाही आणि चुकण्याची संधीही नाही, म्हणून छंदिष्टांमध्ये त्याला प्रतिष्ठा मिळालेली नाही.

माशांकडे पाहत बसण्याची मराठी मुलखातील परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र तेथील विनोद गळ टाकून मासे धरण्याचा असून, कोणत्या माशाला कोणते आमिष आवडते याचा तपशील त्यात दिला आहे. (हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, डोंबिवलीच्या पुढचे ते कल्याण वेगळे.) मासे न धरता केवळ पाहण्याची सवय मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गाला लावली ती मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ मध्ये पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पुढे शाळांच्या कित्येक सहली काचेला नाक लावून तेथे उभ्या राहिल्या. त्या सहलीतून परतलेल्या मुलांच्या हट्टापायी दिवाणखान्यात ज्या दोन फुटी पेट्या आल्या, त्यांत झाकणाखाली एक ट्यूबलाइट, तळाशी उघडझाप करून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी आणि भिंतीला भोक पाडल्यासारखा आवाज करणारा हवेचा पंप एवढा सरंजाम असे. रात्रीसाठी झाकणाच्या कोपऱ्यात एखादा ‘झिरोचा बल्ब’ अडकवलेला असे. घरगुती रात्रदीपाचा हाच मूळपुरुष होय. त्याला शून्य वॅटचा म्हणत असले, तरी तो प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॅट वीज खात असे. जुन्या मीटरच्या जड चकतीला एवढी किरकोळ वीज जाणवत नसे, आणि जे बिलात येत नाही ते शून्य, या हिशेबाने त्याचे बारसे झाले होते.

झिरोच्या बल्बचे राज्य संपवले ते निळ्या एलईडीने. एलईडी म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा आणि जाताना उजळणारा अर्धवाहकाचा कण. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये तयार झाला. परंतु निळ्याने संशोधकांना तीस वर्षे झुलवले. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी तो कार्यक्षम स्वरूपात साधला आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाल्यामुळेच पिवळ्या लेपाच्या साहाय्याने पांढरा प्रकाश मिळाला, जगाची वीज वाचली, मोबाइलचे पडदे उजळले; आणि या साऱ्या मानवी पराक्रमाचा एक ओघ अखेरीस वाघबीळच्या सतराव्या मजल्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात येऊन स्थिरावला.

श्रीखंडाचा डबा हा येथे अलंकार नसून रचनेचा मुख्य घटक आहे. अर्ध्या किलोचा पांढरा, अर्धपारदर्शक, झाकण घट्ट बसणारा हा डबा मराठी घरात कधीही टाकून दिला जात नाही, आणि तरीही तो नेमक्या कोणत्या कामासाठी ठेवला आहे हे कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे त्यावर डल्ला मारताना गृहस्थाला विरोध होतो, पण विरोधाचे कारण मिळत नाही. दुसरा घटक म्हणजे विजेचा पुरवठा. तो टीव्हीच्या खालच्या खणातून येतो. या खणात मोबाइलचे जुने चार्जर, एका कानाने बहिरे झालेले हेडफोन, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आणि बंद पडलेल्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर अशी संपत्ती असते, आणि ‘हे कधीतरी उपयोगी पडेल’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकवणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात तो अडॅप्टर हाती येण्याचा क्षण हा निकाल आपल्या बाजूने लागण्याचा क्षण असतो.

उरलेला माल लॅमिंग्टन रोडवरून आणावा लागतो, निदान तसे मानले जाते. मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा तो बाजार आहे. गृहस्थाला रविवारी वेळ असतो आणि तेथील बहुतांश दुकाने रविवारी बंद असतात, हा पेच अर्धी रजा टाकून सोडवला जातो. ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, आणि ग्रँट रोडला उतरून सहा निळे एलईडी व दोन रोधक असा माल पदरात पडतो. दुकानदार या वस्तू सुट्या देण्यास नाखूश असल्यामुळे शंभरांचे पाकीट घ्यावे लागते. उरलेले एलईडी कोठे जातात हे सांगण्याची आवश्यकता नाही. तो खण वर येऊन गेला आहे.

रोधक, म्हणजे रेझिस्टर, का लागतो हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण घरगुती चंद्रांना लागणारी बहुतेक ग्रहणे येथेच लागतात. निळ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट दाब आणि २० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. दाब किंचित वाढला तरी त्यातून जाणारा प्रवाह बेसुमार वाढतो, आणि थेट १२ व्होल्टला जोडलेला एलईडी क्षणभर तळपून कायमचा शांत होतो. म्हणून तीन एलईडी एकापुढे एक ओवले जातात. त्यांचे मिळून ९.६ व्होल्ट होतात, उरलेले २.४ व्होल्ट रोधकाने पचवायचे असतात, आणि २.४ ला ०.०२ अँपिअरने भागले असता १२० ओहम हे उत्तर येते. रोधकावर आकडा छापलेला नसतो, रंगांचे पट्टे असतात. १२० साठी तपकिरी, लाल, तपकिरी. एलईडीच्या दोन पायांपैकी लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण असतो, हे लक्षात ठेवणे सोपे असते. पण डब्यात नीट बसावेत म्हणून दोन्ही पाय आधीच सारखे कापून ठेवण्याची जी टापटीप काही गृहस्थांच्या ठायी असते, ती या ठिकाणी नडते.

झाकणाला भोके पाडण्यासाठी डाख देण्याची तापलेली सळईच वापरली जाते, त्यामुळे दिवाणखान्यात जळक्या प्लास्टिकचा दर्प पसरतो; पाठोपाठ सांधे बंद करण्यासाठी लावलेले सिलिकोन वाळू लागते आणि त्याचा आंबूस, व्हिनेगरसारखा वास त्यात मिसळतो. तो वास असिटिक आम्लाचा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. ‘अहो, मासे मेलेत का?’ हा प्रश्न या टप्प्यावर स्वयंपाकघरातून येतो. सर्वांत महत्त्वाची खबरदारी मात्र दिसायला सर्वांत साधी आहे: अडॅप्टरकडे जाणाऱ्या तारेला प्लगच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा पाण्याचा थेंब झोलाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. नीटनेटकेपणाच्या आवडीने तार ताणून बसवणारे लोक येथेही धोक्यात असतात. याप्रमाणे सिद्ध झालेला सहा एलईडींचा चंद्र अर्धा वॅट वीज घेतो, म्हणजे रोज दहा तास लावल्यास वर्षाकाठी पावणेदोन युनिट. याच हिशेबाने झिरोचा बल्ब पंचावन्न युनिटांपर्यंत जात असे. ही बचत ग्रँट रोडच्या एका फेरीच्या खर्चाशी जुळायला किती वर्षे लागतील, हे गणित घरात काढले जात नाही.

आता चंद्र निळा का, हा प्रश्न येतो. चंद्रप्रकाश म्हणजे राखाडी मातीवरून परतलेला सूर्यप्रकाश, आणि तो मूळ सूर्यप्रकाशापेक्षा निळा नसून किंचित लालसरच असतो. तो निळसर भासतो याचे एक कारण आपल्या डोळ्यांत आहे: अंधुक उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मंदावतात, दंडपेशी काम हाती घेतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा मात्र चांगला दिसतो. बोहेमियाचा शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने हे १८२५ मध्ये नोंदवले आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. पुढे चित्रपटवाल्यांनी भर दुपारी निळी काच लावून रात्रीची दृश्ये टिपली आणि निळी म्हणजे चांदणी रात्र हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले. तात्पर्य, माशांना निसर्गाचा अनुभव मिळावा म्हणून जो निळा दिवा लावला जातो, तो माणसाच्या डोळ्याला होणाऱ्या भासाची सिनेमाने केलेली नक्कल असते. तीव्रतेची गोष्ट याहून मजेशीर आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर सुमारे पाव लक्स पडतो. लक्स हे उजेडाचे माप असून, पाव लक्स म्हणजे दोन मीटरवर ठेवलेल्या एका मेणबत्तीचा उजेड. त्या मानाने वीतभर उंचीवरून सहा एलईडी रोखलेला डबा ही पौर्णिमा नव्हे, तिची वरात आहे.

घोडबंदर रोडवरच्या माणसाला ही तुलना सुचत नाही, याला त्याचा इलाज नाही, कारण खरा चंद्र त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. चंद्र खाडीच्या बाजूने उगवतो आणि त्या बाजूला समोरचा टॉवर उभा असतो. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटवताना सोसायटी सोयीसाठी फ्लडलाइट लावते, आणि चंद्राची किरणे दुधात पडावीत या मूळ हेतूची पूर्तता चारशे वॅटने होते. संकष्टीला ‘कालनिर्णय’मध्ये चंद्रोदयाची वेळ मिनिटांसह छापलेली असते, पण समोरच्या पस्तीस मजल्यांमागून चंद्र प्रत्यक्ष वर यायला आणखी बराच वेळ लागतो, आणि तोवर घरातील उपाशी आजी ‘अरे, तुझ्या त्या डब्यातला चंद्र चालेल का रे?’ असे विचारते. शास्त्रार्थ काहीही असो, प्रश्न वाजवी आहे. उलट बाजूने पाहता गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहिल्यास चोरीचा आळ येतो अशी समजूत असल्यामुळे त्या रात्री हा दिवा लावणे टाळावे, असे सुचवावेसे वाटते. माशांना पापण्या नसतात आणि इच्छा असूनही त्यांना चंद्र टाळता येत नाही.

पापण्या नसणे म्हणजे झोप नसणे नव्हे. पट्टेरी झेब्राफिश हा मूळचा आपल्याकडचाच मासा, त्याचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतील माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत झोपेचा अभ्यास त्याच्यावर चालतो. तो रात्री तळाजवळ किंवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ शेपटी किंचित झुकवून स्थिर राहतो, हाकेला उशिरा दाद देतो, आणि रात्रभर प्रखर उजेडात ठेवल्यास त्याची झोप उडते. मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारे संप्रेरक, माशांतही असते आणि रात्रीच्या उजेडाने ते घटते. निऑन टेट्राचे तर आणखी विशेष: दिवसा ज्याच्या अंगावरचा निळा पट्टा ट्यूबसारखा पेटलेला असतो, तो हा मासा अंधार पडल्यावर आपले रंग स्वतःच मंद करतो. ज्या पट्ट्यासाठी पैसे मोजले तो पट्टा पाहायला गृहस्थ रात्री दिवा लावतो, आणि माशाने आपला दिवा केव्हाच बंद केलेला असतो.

तरीही रात्रदीपाला अगदीच निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. भर उजेडातून एकदम काळोख झाल्यास काही मासे बिथरतात, काचेवर आपटतात, क्वचित झाकणाच्या फटीतून बाहेर उडी घेतात. मुख्य दिवा विझल्यावर अर्धा तास मंद उजेड राहिला तर त्यांना आपापली जागा गाठता येते. एवढा अर्धा तास माशांचा. पुढचे साडेनऊ तास गृहस्थाचे.

कृत्रिम चंद्राचे खरे क्षेत्र समुद्रातील प्रवाळांचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील अनेक जातींची प्रवाळे वसंतात पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत एकाच वेळी बीजे सोडतात, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी लक्षात आले. म्हणून बंदिस्त टाक्यांत प्रवाळांची पैदास करू पाहणाऱ्यांना ऋतूंच्या तापमानाबरोबर २९.५ दिवसांचे चंद्राचे चक्रही हुबेहूब उभे करावे लागते. तेथे चंद्र वाढतो, घटतो, मावळतो आणि अमावस्येला नाहीसा होतो. दिवाणखान्यातील गप्पी आणि गोल्डफिश यांच्या पेटीत मात्र बारा महिने पौर्णिमा असते. काही उत्साही मंडळी छोटा संगणकीय बोर्ड लावून येथेही तिथीनुसार उजेड कमीजास्त करतात. अमावस्येच्या रात्री पाहुण्यांना पेटी दाखवण्याची वेळ आली की तो बोर्ड काढून ठेवला जातो.

याच एलईडीची समुद्रावरची ख्याती निराळी आहे. बोटीवरून प्रखर दिवे पाण्यात सोडले की लहान जीव आणि त्यांच्यामागे माशांचे थवे उजेडाकडे ओढले जातात, आणि पर्ससीन जाळे, म्हणजे थव्याला वेढून तळाकडून बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे, त्यांना पिल्लांसकट उचलते. कोकण किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या हक्काच्या समुद्रात, अशा मासेमारीला बंदी घातली, आणि महाराष्ट्रानेही आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून एलईडी मासेमारीला कडक दंड ठेवला. समुद्रात माशांना दिवा दाखवणे हा गुन्हा आणि घोडबंदर रोडवर ती हौस ठरते, याचे कारण दोन्हीकडे दिवा माणसासाठीच असला, तरी दुसरीकडे मासे आधीच पकडून झालेले असतात, हे असावे.

रात्रदीप लागल्यावर होणारा एकच ठळक बदल पेटीजवळ बसून पाहता येतो. तळाशी चिकटून राहणारा सकर हा दक्षिण अमेरिकेतून आलेला निशाचर मासा अंधार पडला की खजिन्याच्या पेटीमागून बाहेर येऊन काचेवरचे शेवाळ खरवडू लागत असे. निळी पौर्णिमा सुरू झाल्यापासून तो बाहेर येण्याचे टाळतो, आणि दिव्यामुळे थोडे अधिक वाढलेले शेवाळ काचेवर तसेच राहते. गृहस्थ यावर दिवा काढून टाकत नाही. माशांना लाल रंग दिसत नाही असे त्याला लिफ्टमध्ये कोणीतरी सांगितलेले असते, आणि गोल्डफिशच्या डोळ्यांत लाल ओळखणाऱ्या पेशी असतात हे विज्ञानाला ठाऊक असले, तरी विज्ञान त्या लिफ्टमध्ये नसते. म्हणून पुन्हा अर्धी रजा टाकली जाते, फ्रिजमधले श्रीखंड दोन दिवसांत संपवण्याची घरातल्यांना गळ घातली जाते, आणि नवा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला जातो: लाल एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, सबब एका माळेत पाच, उरले दोन व्होल्ट, रोधक १०० ओहम, पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी.